हातवळणाची मुद्रा

फोन वाजला तेव्हा मी तुळशीपुढचा पाट पुसत होते. आधी ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. ओटीवर बसलेल्या ह्यांनी फोन उचलला. काचेवर आमच्या पुतण्याचा, निनादचा चेहरा होता. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले.

"काका... बाबा गेले हो. सकाळी चहा घेतला, आणि कपबशी खाली ठेवता ठेवताच..."

पुढचं हुंदक्यात गेलं आणि फोन बंद झाला. ह्यांनी उलट लावून पाहिला, लागला नाही. पुन्हा लावला, तरी नाही. मग फोन मांडीवर पालथा ठेवून ते समोरच्या माडाकडे बघत बसले.

"दिनू गेला," एवढंच म्हणाले.

दिनानाथ भाऊजी म्हणजे ह्यांचे पाठचे भाऊ, डोंबिवलीला राहणारे. दर गणपतीत येणार, येताना माझ्यासाठी उदबत्तीचे पुडे आणणार आणि जाताना माझ्या हातची कोकमाची सोलं नेणार. माझ्या हातातलं फडकं तसंच राहिलं. रांगोळीचा डबा मी सवयीनं उचलून फळीवर ठेवला. सुतकात दारी रांगोळी घालत नाहीत. हे कुणी शिकवावं लागत नाही, हात आपोआप डबा फळीवर ठेवतो.

डबा ठेवला, आणि मग लक्षात आलं. आज मी रांगोळी काढली नाही, तर खाडीपलीकडचे तीन फलक अडकून पडणार होते.

हे नीट सांगायचं, तर पाटाची गोष्ट आधी सांगायला हवी.

आमच्या केतकबंदरात आता फोनवरच्या निरोपावर कुणी विसंबत नाही. एक काळ होता, दिसलं ते खरं मानायचे लोक. मग यंत्रं कुणाचाही चेहरा लावून, कुणाच्याही आवाजात बोलायला लागली. "समुद्र शांत आहे, निघा," असं बंदर अधिकाऱ्यांच्या तोंडून ऐकून होड्या गेल्या, आणि त्या अधिकाऱ्यांनी असं काही म्हटलंच नव्हतं. अशा निरोपांचा धंदाच होता. कुठे होड्या अडवायच्या, कुठे भलतीकडे वळवायच्या, मासळीचा भाव पाडायचा, आणि त्याचे पैसे घ्यायचे. मग किनारा सूचना मंडळानं जेटीजेटीवर मोठे फलक उभे केले. पण फलकसुद्धा शेवटी यंत्रच. तारेतून कुणीतरी आत शिरलं, आणि एका सणाच्या दिवशी सगळ्या किनाऱ्यावर खोटा मजकूर झळकला.

तेव्हा माझी लेक गौतमी मंडळात नुकतीच लागली होती. तिच्यापुढे दोन कोडी होती. एक, फलकावर खराच मजकूर पोचेल असं कुलूप हवं. दुसरं, कांदळवाडी, खडपेवाडी आणि बेटगाव इथे तार नाही, मनोरा नाही. तिथे मजकूर एका कार्डावर घालून लाँचनं न्यावा लागतो. वाटेत कुणी कार्ड बदललं तर तिथल्या फलकाला कसं कळावं? त्यानं विचारायचं कुणाला?

दिवाळीला घरी आली होती. मी रांगोळी काढत होते आणि ती पायरीवर बसून बघत होती. एकाएकी म्हणाली, "आई, तुझी आजची वेल कालच्यासारखी नाही."

"वय झालं गं. हात हलतो."

"हलत नाही आई. सरकतो. रोज केसभर."

त्यातून हा पाट झाला. दिसायला काळ्या दगडासारखा, पण पोटात केसाहून बारीक तंतूंचं जाळं आहे. चिमटीतून रांगोळी किती पडली, बोट कुठे थबकलं, दोन ठिपक्यांमध्ये श्वास कुठे घेतला, सगळं त्याला कळतं. चित्राची नक्कल यंत्राला करता येते. पण माझा हात काल कसा होता आणि त्यातून आज कसा झाला, ही चाल फक्त रोज न चुकता काढणाऱ्या हातातच असते. पाट काय करतो, तर कालची मुद्रा, आजचा हात आणि आजचा मजकूर एकत्र मळतो आणि आजची मुद्रा घडवतो. ती झाली की कालची स्वतःच पुसतो. किल्ली कुठे ठेवलेलीच नसते, मग चोरणार काय? आणि उद्याचा माझा हात तर माझ्याही हाती नाही.

फलकाला ही मुद्रा घडवता येत नाही, पण ओळखता येते. गाता येत नसलं तरी गाणं ओळखतो ना आपण, तसंच. त्यासाठी त्याला तार लागत नाही, कुणाला विचारावं लागत नाही. कार्डावर खरी मुद्रा असली की मजकूर लागतो आणि कोपऱ्यात पिवळी पणती पेटते. मुद्रा नसली तर फलक भांडत नाही, घाबरत नाही. कालचंच दाखवत राहतो आणि पणती करडी करतो. म्हणजे नव्याची खात्री नाही, थांबा.

एक मात्र कडक अट आहे. एक दिवस चुकला की साखळी तुटली. मग मंडळाच्या माणसांनी स्वतः प्रत्येक फलकापाशी जाऊन नवी गाठ मारायची. त्याला दिवस लागतात.

म्हणून मंडळानं नेमवाल्या बायका शोधल्या. आमच्या पट्ट्यात तिघी. मी, पलीकडच्या तीरावरच्या भागीरथीबाई आणि दक्षिणेच्या खाडीवरच्या सुशीलाताई. आमच्या तिघींचेही हात तिन्ही पाटांना ठाऊक आहेत. एकीकडे सुतक, आजारपण आलं तर दुसरीनं यायचं, ही सोय गौतमीनं पहिल्या दिवसापासून करून ठेवली होती. आमच्या घरी सुतक असलं की देवपूजेला शेजारचे बापूकाका येत, हे ती लहानपणापासून बघत आलेली. माझी रांगोळी पूर्वी सकाळी असे. मजकूर दुपारी येतो म्हणून मी ती माध्यान्हीला नेली. आलेला मजकूर तुळशीला एकदा मोठ्यानं वाचून दाखवायचा, मगच चिमूट उचलायची, हा माझा नेम. न वाचलेल्यावर मुद्रा नाही.

त्या दिवशी पाटाशेजारच्या पेटीत मजकूर येऊन पडला होता. चातुर्मास संपत आला होता, आभाळ धुतल्यासारखं निळं. पण मजकूर होता लाल बावट्याचा. दूर समुद्रात वादळ झालं आहे, त्याची उसळी पहाटेपर्यंत किनाऱ्याला लागेल, आज होड्या सोडू नयेत. आणि आदल्या दिवशीचा मजकूर, जो फलकांवर अजून लागलेला होता, तो म्हणत होता, समुद्र शांत, जायला हरकत नाही.

तेवढ्यात फाटकाशी इब्राहिमभाई आले. कार्डाची लाँच तेच चालवतात. आम्हाला पाहून चपला बाहेरच काढून उभे राहिले.

"ताई, कार्ड? ओहोटी लागली. अजून घटकाभर थांबलो तर लाँच गाळात रुतंल."

ह्यांनी मान वर न करता सांगितलं, "इब्राहिम, भाऊ गेला माझा. सुतक आहे. भागीरथीबाईंना घेऊन ये पलीकडून."

इब्राहिमभाईंनी टोपी काढली. "अल्ला... दिनूदादा? गणपतीत माझ्या लाँचीत बसून अख्खा दिवस गळ टाकला आणि एक बोईट नाय मिळालं त्यांना." मग म्हणाले, "पण गुरुजी, भागीरथीबाई नाय यायच्या. आता तिकडनंच आलो. घरात रडारड चालली होती. जावई गेला म्हणतात. आणि सुशीलाताईंकडं जाऊन यायला ओहोटी थांबायची नाय."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. एकाच सकाळी दोन घरी? मन म्हणालं, काहीतरी गडबड आहे. दुसरं मन म्हणालं, मरण काय पाळी लावून येतं होय? येऊ शकतं एका दिवशी दोन घरी.

"माझे दोघं पुतणे आज कांदळवाडीतनं दर्यात जायचेत," इब्राहिमभाई हळूच म्हणाले. "काल फलकावर शांत लिवलंय. फोनवर तर सकाळपासनं चाललंय, सुरमई लागलीय, निघा निघा."

मी फळीवरून डबा काढला.

"कुमुद, डबा ठेव खाली." ह्यांचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. "माझा पाठचा भाऊ गेलाय, आणि माझ्या दारात रांगोळी?"

मी पाटापुढे बसले, मजकूर वाचला, चिमूट उचलली. पण हात जड. रेघ ओढताना भाऊजींचा चेहरा समोर येत होता. मनात चाललं होतं, देवा, खरं असलं तर? मेलेल्या दिरासाठी दहा दिवस हात आवरता आला नाही, असं लोक म्हणतील. लोकांचं राहू दे, हे म्हणतील. शेवटचा ठिपका टाकला, आणि पाटाच्या कडेला लाल ठिणगी उमटली.

नाकारलं.

गौतमीनं हे मला कधीच सांगून ठेवलं होतं. भीतीनं किंवा बळजबरीनं चाललेला हात पाट मानत नाही. कुणी मानेवर सुरी ठेवून मुद्रा काढून घेऊ नये म्हणून. आणि दिवसातून दोनदाच तो हात बघतो. आता एकच वेळ उरली होती.

"बघ," हे म्हणाले. "त्या दगडालाही कळलं."

ते वाक्य मला लागलं. पण त्या वाक्यानंच मी भानावर आले. डोळे मिटून बसले. इतकी वर्षं मी फलकाची राखण करते. त्याच्याकडे खोटं कार्ड आलं तर तो काय करतो? ते खोटं आहे असंही म्हणत नाही तो. त्याला ठाऊकच नसतं. तो इतकंच म्हणतो, हे ज्यानं सांगायला हवं त्यानं सांगितल्याची खूण यावर नाही. तोवर कालचं ते कालचं. पणती करडी.

मी डोळे उघडून ह्यांना विचारलं, "अहो, बातमी आणली कुणी?"

"निनादनं! ह्या डोळ्यांनी पाहिला मी त्याला."

"ह्याच डोळ्यांनी तुम्ही मागे जिल्हाधिकाऱ्यांना पाहिलंत, फुकट डिझेल वाटताना. कॅन घेऊन दुपारभर उभे होतात."

फाटकाशी इब्राहिमभाई खोकले. तेही होते त्या रांगेत.

"थट्टा करायची वेळ आहे ही?"

"थट्टा नाही हो. मामंजी सांगायचे, पूर्वी अशी बातमी घेऊन माणूस यायचा. ओळखीचा. फाटकाबाहेर उभा राहायचा, उंबरा ओलांडायचा नाही, पाणी मागायचा नाही. त्याच्याकडे बघूनच बायका पदर तोंडाला लावायच्या. ती त्या बातमीची मुद्रा होती. आज आपल्या फाटकात असं कोण आलं?"

ह्यांनी मांडीवरचा पालथा फोन उचलून बाजूला सरकवला.

"भाऊजी गेले नाहीत, असं मी म्हणत नाही. मला ठाऊक नाही. तुम्हालाही नाही. ज्या निरोपावर मुद्रा नाही तो मी गावाच्या फलकावर लागू देत नाही, मग माझ्या घरात कसा लागू देऊ? मुद्रेचा माणूस येईपर्यंत भाऊजी काल होते तसेच आहेत. आणि माझं चुकलं असलं, तर त्याचं पाप माझं. प्रायश्चित्त मी घेईन. तुमचा त्यात वाटा नाही."

हे उठले आणि आत गेले. दार लावून घेतलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ते दार माझ्या तोंडावर असं कधी लागलं नव्हतं.

मी पाट पुसला. आधी ओल्यानं, मग कोरड्यानं. तुळशीला पाणी घातलं. मजकूर पुन्हा पहिल्यापासून मोठ्यानं वाचला. मनात एक करडी पणती लावून ठेवली, भाऊजींच्या नावाची. आणि चिमूट उचलली. चातुर्मासातली तेहतीस गोपद्मं, मग वेल, मग कडेचे ठिपके. ह्या खेपेला मी घाई केली नाही. लाँचची नाही, लोकांची नाही, बंद दाराचीही नाही. हात रोज जातो त्या वाटेनं गेला. वेलीच्या तिसऱ्या वळणावर मी नेहमी श्वास घेते, तिथेच श्वास आला.

पाटाच्या कडेला पिवळं उमटलं.

पेटीतून कार्ड बाहेर आलं. इब्राहिमभाईंनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि धावत सुटले. त्या वयात त्यांना असं धावताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

उन्हं कलली तेव्हा फाटकाशी जीप थांबली. गौतमी उतरली. वेणी सुटलेली, अंगावर घाटातली लाल धूळ. आत न येता फाटकाबाहेरच उभी राहिली आणि आधी पाटाकडे पाहिलं.

"काढलीस?"

"काढली."

ती तिथेच दगडावर बसली आणि ओंजळीत तोंड घालून रडली. माझी लेक दहावीच्या निकालालाही रडली नव्हती.

"आई, मी मुद्दाम फोन केला नाही. माझ्या आवाजावर तू विश्वास ठेवलास तर वाईट, आणि नाही ठेवलास तर पंचाईत." तिनं डोळे पुसले. "भागीरथीबाईंना जावई गेल्याचा फोन. सुशीलाताईंना दीर. तुला दिनूकाका, हे गावात शिरतानाच कळलं. तिघींना एकाच सकाळी. साखळी कुणाला तोडता येईना, म्हणून त्या खोट्या निरोपवाल्यांनी आपली रीत हेरली. कुठल्या दिवशी आपण रांगोळी घालत नाही, तेवढंच शोधून काढलं. आणि तिघींना एकदमच सुतक घातलं, म्हणजे बदलीला कुणी उरायला नको."

"मग त्या दोघी?"

"त्यांनी काढली नाही. त्यांची काय चूक, आई? काढायची नसते. आमची माणसं तिकडे गेलीयेत, जेटीवर उभी राहून होड्या अडवतायत. मी इकडे निघाले तेव्हा वाटत होतं, इथलीही साखळी गेलीच." मग तिनं मान वर केली. "तुला कसं कळलं खोटं आहे ते?"

"मला नाही कळलं. अजूनही नाही कळलेलं. तुझा फलक करतो तेच मी केलं. कालचं धरून ठेवलं."

गौतमी उठली, अंगावरची धूळ झटकली. मग म्हणाली, "आमच्या खोलीत सात जण बसतात, आई. सगळा दिवस एकच विचारतात. यंत्राला माणसासारखं कसं शिकवायचं. आता त्यांना सांगते, आमच्या घरी उलटं झालंय."

लेकीच्या तोंडचं ते ऐकलं आणि मला मेलीला अभिमानच वाटला. तिचा, की तिच्या फलकाचा, की माझा, ते मी तेव्हा तपासून पाहिलं नाही.

पण आतलं दार अजून बंदच होतं. गौतमीनं बाहेरून हाक मारून बाबांना सगळं सांगितलं. दार उघडलं नाही, आवाज तेवढा आला.

"त्या दोघींचं खोटं असेल. दिनूचं खरं असलं तर?"

 डोंबिवलीतल्या मैत्रिणीला तिनं भाऊजींच्या दारी धाडलं होतं, पण फोनवर आलेलं उत्तर हे मानणार नव्हते. आणि मीही नव्हते.

रात्री ते जेवले नाहीत, म्हणून मीही जेवले नाही.

पहाटे उसळी आली. वारा नाही, ढग नाही, चांदण्या लखलखीत, आणि खाली समुद्र भिंतीसारखा उभा राहून जेटीवर आदळत होता. दक्षिणेच्या खाडीत अडवायच्या आधीच सुटलेल्या दोन होड्या फुटल्या. माणसं पोहून आली. कांदळवाडी, खडपेवाडी, बेटगाव, ह्या तिन्ही गावांतली एकही होडी पाण्यात नव्हती. सकाळी इब्राहिमभाई आले ते दोन्ही पुतण्यांना घेऊनच. दोघांनी वाकून नमस्कार केला.

"काय सांगू ताई," इब्राहिमभाई म्हणाले, "कांदळवाडीच्या जेटीवर सगळी तयारीत. जाळी चढवलेली, इंजिनं चालू, हातात फोन. फोन म्हणतोय निघा. मी कार्ड घातलं आणि लाल बावटा लागला. वर पिवळी पणती.  एकेकानं इंजिन बंद केलं. एवढी शांतता, की खेकडे चालताना ऐकू येत होते."

हे खिडकीशी उभे राहून ऐकत होते. बाहेर आले नाहीत.

माध्यान्हीला मी त्या दिवशीची रांगोळी काढली. बंद दाराकडे पाठ करून. तीही पाटानं मानली.

पाट झाकायला उठतेय तोच फाटक करकरलं. बाहेर एक माणूस उभा होता. हातात पिशवी, पिशवीतून उदबत्तीचे पुडे डोकावत होते. आत आला नाही. फाटकाबाहेरच थांबून मोठ्यानं ओरडला, "ए दादा! मी मेलो म्हणे!"

आतून काहीतरी पडल्याचा आवाज झाला.

"काल एक मुलगी आली दारात," भाऊजी मला सांगायला लागले. "म्हणते, काका, तुम्ही जिवंत आहात ना? म्हटलं थांब, बायकोला विचारून सांगतो. मग म्हणाली, घरी फोन करू नका, स्वतः जा. रात्रीची एसटी धरली. वहिनी, निनादनं फोनबिन काही केला नव्हता हो. त्याला कळल्यापासून तो स्वतःच्या तोंडाला हात लावून बघतोय."

मी मनातली करडी पणती पिवळी केली. डोळ्यांतलं पाणी पुसायला पदर उचलला, आणि तोवर दार उघडलं होतं. हे दारात उभे होते. कालपासून न जेवलेले, दाढी वाढलेली. भावाकडे पाहिलं.  भाऊजी हसत हसत फाटक ढकलून, पिशवी सांभाळत, सरळ तुळशीकडून ओटीकडे निघाले.

तेव्हा ह्यांनी हात वर केला.

"दिनू, जरा बाजूनं ये रे," ते म्हणाले. "तिची रांगोळी आहे तिथे."